एक्सपीवर चालणारा ब्राउझर शोधताना

कराडच्या आमच्या छपाईच्या दुकानात विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीचा संगणक अजून रोज चालतो. बघून नवीन गिऱ्हाईक हसतं. धंद्यातलं कुणी हसत नाही, कारण त्यांच्याकडेही एखादा असतोच. पानं लावायचं पेजमेकर ७, मराठी फाँटच्या श्रीलिपीची जुनी आवृत्ती, तिच्या परवान्याची किल्ली म्हणून मागे खोचलेला डाँगल आणि वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे अहवाल, सगळं त्याच फाँटमध्ये. "गेल्या वर्षीचाच अहवाल आहे, फक्त आकडे बदला" म्हणत सचिव काउंटरला टेकून उभे राहतात, तेव्हा ती जुनी फाइल जशीच्या तशी उघडली पाहिजे. नवीन विंडोजवर तो डाँगल ओळखला जाईल याची मला खात्री नाही आणि ऐन लग्नसराईत ते तपासून बघण्याची हौसही नाही.

पण मजकूर आता कागदावर येत नाही. तो व्हॉट्सॲपवर नाहीतर मेलवर येतो, तोही युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर चालणाऱ्या आजच्या सर्वमान्य सांकेतिकतेत. तो उचलून थेट पेजमेकरमध्ये चिकटवला की ओळभर प्रश्नचिन्हं उमटतात. त्यामुळे आधी ब्राउझरमध्ये कन्व्हर्टरचं पान उघडायचं, वरच्या चौकटीत युनिकोड टाकायचं, खालच्या चौकटीतून जुन्या फाँटच्या सांकेतिकतेतला मजकूर उचलायचा आणि मग पेजमेकर. म्हणजे ज्या संगणकावर पेजमेकर, त्याच संगणकावर ब्राउझर हवा. "लॅपटॉपवर करा आणि पेन ड्राइव्हने आणा" असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा झेरॉक्सच्या दुकानांत फिरून आलेला पेन ड्राइव्ह बघावा, व्हायरसमुळे सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात.

बरीच वर्षं फायरफॉक्स ५२ वर निभावलं. एक्सपीसाठीची ती शेवटची मालिका, २०१८ मध्ये तिचेही अपडेट थांबले. क्रोमने तर २०१६ मध्येच, ४९व्या आवृत्तीनंतर, एक्सपीचा नाद सोडला होता. दोन्ही टाकलेले होते. जे यात उघडत नाही ते त्यात बघायचं, असा कारभार. मग दोन्हीकडे पानं उघडेनाशी झाली.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता, इंजिनिअरिंगला आहे. "मावशी, विकून टाक हा डबा," हे त्याचं पहिलं निदान. दुसरं जरा बरं निघालं. त्याने खाली उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. तारीख २००८ची. रात्री आम्ही मेन स्विच बंद करतो आणि मदरबोर्डवरचा सेल केव्हाच मेला होता. सकाळी काळ्या पडद्यावर 'एफ वन दाबा' आलं की दाबायचं आणि कामाला लागायचं, ही इतक्या वर्षांची सवय. पेजमेकरला तारखेशी काही देणंघेणं नाही. ब्राउझरला आहे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. संगणक २००८ मध्ये बसला असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. सीआर २०३२ नावाचा बटणासारखा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो बदलला, तारीख लावली आणि बरीचशी पानं तेवढ्यावर उघडली.

उरलेली उघडेनात, आणि त्यातही काही फायरफॉक्समध्ये उघडायची पण क्रोममध्ये नाही. इथे भाच्याने सांगितलेली गोष्ट मला पटली. जुना क्रोम विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी विंडोजकडून घेतो, फायरफॉक्स स्वतःची बाळगतो. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्यामुळे तिची यादी जुनी. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था प्रमाणपत्रं फुकट देते आणि असंख्य छोटी संकेतस्थळं तिचीच वापरतात. ही प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर खरी मानली जायची ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. नवीन मूळ प्रमाणपत्र फायरफॉक्स ५२ च्या यादीत आहे, एक्सपीच्या यादीत आपोआप आलेलं नाही. मी तेव्हा क्रोम ४९ काढूनच टाकला.

तिसरा प्रकार सगळ्यात चिडवणारा. चूक नाही, इशारा नाही, नुसतं पांढरं पान. एफ १२ दाबून कन्सोल, म्हणजे पानातल्या चुकांची नोंद दाखवणारी चौकट, उघडला तर एकच लाल ओळ: सिंटॅक्स एरर, अपेक्षा एका पदावलीची होती, आलं टिंब. भाच्याने त्या ओळीवर क्लिक करून कोड दाखवला. तिथे एक प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून टिंब होतं. जावास्क्रिप्टमधली ही लिहिण्याची पद्धत ब्राउझरांमध्ये २०२० मध्ये आली, क्रोम ८० आणि फायरफॉक्स ७४ पासून. जुन्या ब्राउझरला ती वाचताच येत नाही आणि एका टिंबापायी तो अख्खी फाइल टाकून देतो. यावर सेटिंगमध्ये काही इलाज नाही. 'तुमचा ब्राउझर जुना आहे' अशी पाटी लावणारी काही संकेतस्थळं मात्र फक्त नाव विचारतात. फायरफॉक्समध्ये अबाउट-कॉन्फिग या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन यूजर-एजंट, म्हणजे ब्राउझर सांगतो ते स्वतःचं नाव, बदलला की ती मुकाट आत घेतात. पण टिंबावर अडणाऱ्याला नाव बदलून काय फायदा?

तेव्हा नवीन ब्राउझरच हवा होता. पेल मूनबद्दल चांगलं ऐकलं होतं, पण त्याला आता किमान विंडोज ७ लागतं. एका पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करूनही बघितलं. फायरफॉक्स छान चालला, पण मजकूर घ्यायला लिनक्स आणि पानं लावायला पुन्हा एक्सपी, असं दिवसभर कोण करणार? उरले दोन. मायपाल ६८ हा फायरफॉक्स ६८ वरून एक्सपीसाठी बनवलेला, नंतरच्या काही सुधारणाही घातलेला, आणि सुपरमियम हा क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमवरून, बऱ्याच अलीकडच्या इंजिनाचा. दोन्हींना प्रोसेसरमध्ये एसएसई २ हा सूचनांचा संच लागतो. पेंटियम ४ पासून पुढे तो असतो. एएमडीचा ॲथलॉन एक्सपी नावाचा जुना प्रोसेसर असेल तर नसतो. आमचा पेंटियम ड्युअल कोअर आहे, रॅम दोन जीबी.

फाइल मोबाइलवर उतरवली आणि कोऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली, तर एक्सपी म्हणते ड्राइव्ह फॉरमॅट करा. चौसष्ट जीबीचे नवीन पेन ड्राइव्ह एक्सफॅट या नव्या फॉरमॅटमध्ये येतात आणि मायक्रोसॉफ्टचा वेगळा अपडेट टाकल्याशिवाय एक्सपीला ते वाचता येत नाहीत. कपाटातला चार जीबीचा जुना ड्राइव्ह कामी आला.

मायपाल हलका आहे. मेल आणि कन्व्हर्टर त्याच्यावर. व्हॉट्सॲप वेब सुपरमियमवर, पण दोन जीबीत तो धापा टाकतो. त्याच्या शॉर्टकटमध्ये टार्गेटच्या शेवटी रॅम वाचवायला प्रोसेस-पर-साइट हा पर्याय जोडला, जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन टाकलं आणि टॅब दोनच्या वर न्यायचे नाहीत असं ठरवलं. पेजमेकर उघडा असताना तेवढं जमतं. देवनागरी पानात नीट दिसते. टास्कबारवर मराठी नावांच्या जागी अधूनमधून चौकोन येतात. ते घालवायला रीजनल सेटिंगमध्ये जटिल लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो आणि तिथे एक्सपीची सीडी मागतात. आमची सीडी कुठे आहे देव जाणे, चौकोनांसह चाललंय.

दोघेही ब्राउझर मोजक्या हौशी माणसांच्या बळावर चालतात आणि खालची एक्सपी तर दहा वर्षांहून जास्त काळ बेवारस आहे. नवीन ब्राउझर टाकल्याने ती सुरक्षित होत नाही. बँक, जीएसटी, यूपीआय, यातलं काहीही त्या संगणकावर करायचं नाही, हे मुलालाही बजावलंय. ज्यांच्याकडे विंडोज ७ आहे त्यांनी इतकी उठाठेव करूच नये. क्रोम तिथे १०९ वर थांबला, पण फायरफॉक्स ११५ ईएसआर या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची मुदत मोझिलाने ठरल्यापेक्षा पुढे वाढवत नेली. आधी तो टाकून बघावा.

कन्व्हर्टरचं पान मात्र मी सेव्ह करून डी ड्राइव्हवर ठेवलंय. त्याचं सगळं काम ब्राउझरच्या आतच होतं, त्यामुळे नेट गेलं तरी चालतं. तपासावं मात्र लागतं. 'वऱ्हाडी' आणि 'दुसऱ्या' यांतला र हटकून बिघडतो, आणि पत्रिकेत नेमका वऱ्हाडीच असतो.