प्लॅटफॉर्म बदलतात, पीएचडी सहा वर्षं चालते

सोशल मीडिया आणि राजकारण या विषयात पीएचडी करायची म्हणणारे पुण्यात हल्ली बरेच आहेत. बहुतेकांच्या प्रस्तावाच्या शीर्षकातच एखाद्या प्लॅटफॉर्मचं नाव असतं. ते आधी खोडा.

२०२१ मध्ये ट्विटरने जुने ट्वीट संशोधकांना फुकट खुले केले, २०२३ मध्ये तो नळ बंद झाला. फेसबुकवरच्या पोस्टचा माग काढणारं क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ ला गेलं. टिकटॉक तर जून २०२० मध्ये देशातूनच गायब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात, एवढ्यात काय काय बंद पडेल कोण सांगणार? म्हणून प्रश्न राजकारणाचा धरा. प्रभागातला इच्छुक उमेदवार पोस्टरऐवजी रील्सवर पैसे का ओततो, हा प्रश्न कंपनीने दार लावलं तरी शिल्लक राहतो.

विभाग निवडताना पुढच्या नोकरीचा विचार आत्ताच करा. नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) राज्यशास्त्रात, पीएचडी पत्रकारितेत, अशी खिचडी झाली की अर्जाच्या छाननीत ‘संबंधित विषय’ या दोन शब्दांवर गाडी अडते. विद्यापीठातला राज्यशास्त्र विभाग की पत्रकारितेची रानडे इन्स्टिट्यूट, हे ठरवूनच नेटचा विषय भरा. नेटमधून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. राज्याची सेट परीक्षा पात्रता देते, फेलोशिप नाही.

सुरुवातीला डेटासाठी यूट्यूब बरं. त्याच्या एपीआयचा, म्हणजे प्रोग्राम लिहून डेटा मागवायच्या सोयीचा, नेहमीचा कोटा दिवसाला १०,००० युनिट. एका सर्चला १०० युनिट जातात, म्हणजे शंभर सर्चमध्ये दिवस संपला, आणि नवखे तिथेच अडकतात. सर्च टाळा. चॅनेलचा आयडी ‘यूसी’ने सुरू होतो, ती दोन अक्षरं ‘यूयू’ केली की त्या चॅनेलच्या सगळ्या अपलोडची प्लेलिस्ट मिळते. तिच्यातून एका युनिटला ५० व्हिडिओ, आणि पुढे एका युनिटला १०० पर्यंत कॉमेंट. डेटा घेतल्याची तारीख-वेळ प्रत्येक ओळीत नोंदवा, कारण कॉमेंट नंतर उडवल्या जाऊ शकतात.

खरी मेहनत पुढे आहे. रस्त्याच्या व्हिडिओखाली कुणी लिहितं, ‘साहेबांचे मनापासून आभार, घराजवळ स्विमिंग टँक मिळाला.’ मजकुरातली भावना ओळखणारं संगणकी मॉडेल याला बिनदिक्कत सकारात्मक म्हणतं. पुण्याच्याच एल३क्यूब या भाषा-तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या गटाने सुमारे १६,००० मराठी ट्वीटचा भावछटा लावलेला संच खुला केला आहे. काम मोलाचं आहे, पण ते ट्वीट मुख्यतः नामवंतांच्या खात्यांवरचे. कॉमेंटमधली मराठी वेगळी: अर्धी रोमन लिपीत, त्यात हिंदी, त्यात शिव्या. म्हणून आधी ५०० कॉमेंट दोघांनी एकमेकांना न विचारता हाताने कोड कराव्यात, म्हणजे प्रत्येकीवर सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ अशी खूण करावी. ‘आमचं ७० टक्के जुळलं’ यावर खूश होऊ नका. दोघंही ८० टक्के कॉमेंट ‘तटस्थ’ टाकत असतील, तर नुसत्या योगायोगानेच निदान ६४ टक्के जुळतं. कोहेनचा कप्पा (kappa) काढा, म्हणजे योगायोग वजा करून जुळणी मोजणारा आकडा. तो ०.६ च्या खाली असेल तर कोडरला दोष न देता कोडबुक, म्हणजे खुणा करायची नियमावली, पुन्हा लिहा; बहुतेक वेळा उपरोधाचा नियमच लिहिलेला नसतो.

व्हॉट्सअॅपवर ग्रुपमधली चर्चा संशोधकाला देणारा एपीआय नाही, ग्रुपमध्ये शिरावंच लागतं. अॅडमिन हो म्हणाला म्हणजे सगळ्यांची संमती झाली असं नाही. ग्रुपवर स्वतःची ओळख, हेतू आणि नकार द्यायची सोय लिहा. चॅट एक्सपोर्ट केलं की नावं आणि नंबर त्या फाइलमध्येच असतात, त्याच दिवशी ते काढून सांकेतिक क्रमांक घाला. ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ ही खूण मात्र एक्सपोर्टमध्ये उतरत नाही. अफवेवर काम असेल तर ती समोर पाहून हातानेच टिपावी लागते.

नोकरीचं थोडक्यात: कायम जागा कमी, तासिका तत्त्वावर वर्षं जातात. निवडणुकीच्या हंगामात प्रचार सांभाळणाऱ्या एजन्सी बऱ्यापैकी पैसे देतात. जायला हरकत नाही, पण तिथला डेटा त्यांचा असतो. प्रबंधात वापरायचा असेल तर लेखी परवानगी मतदानाआधीच घ्या. निकालानंतर ती एजन्सी त्याच नावाने उरेलच असं नाही.