तांबड्या रानात बायोचार: भाताच्या पहिल्या हंगामाची नोंद

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस इतका पडतो की तांबड्या, आम्लधर्मी मातीतील चुना आणि पालाश वर्षानुवर्षे धुऊन जातात आणि धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेल्या भाताला घातलेल्या युरियातील बराच नत्र पिकाला मिळण्याआधीच वाहून किंवा उडून जातो. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र असतो, म्हणजे सुमारे 20.7 किलो, त्यातला अधिकाधिक नत्र मुळांजवळ कसा टिकवावा, एवढ्याच प्रश्नासाठी मी बायोचारचा, म्हणजे मातीत मिसळायच्या कोळशाचा, हा प्रयोग हाती घेतला आहे.

कोळशासाठी बैलहोंगलकडून आणलेल्या तुराट्या आणि निपाणीच्या पाहुण्यांकडील तंबाखूची वाळलेली खोडे वापरली. उसाचे पाचट मुद्दाम घेतले नाही. पाचट सरीत पसरून ठेवले तर ओल धरते आणि कुजून मातीत मिसळते; त्याचा कोळसा केल्यास त्यातील नत्राचा मोठा भाग हवेत जातो. लवकर न कुजणारी, एरवी बांधावर पेटवून दिली जाणारी कडक काटकीच या कामाला योग्य, असे माझे ठाम मत आहे.

शिमग्यानंतर मीटरभर खोल, वर रुंद आणि तळाशी निमुळता खड्डा काढून जाळ वरून लावला. एका थरावर पांढरी राख दिसू लागली की दुसरा थर द्यायचा, हा यातील मुख्य नियम आहे. वरची ज्वाळा खालून येणारा धूर जाळते आणि प्राणवायूही तीच संपवते, त्यामुळे खालचा कोळसा राख न होता टिकतो. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवले. वजनाच्या साधारण चौथाई कोळसा हाती येतो. तो मोडताना कडक आवाज यावा आणि हाताला लागलेली काळी भुकटी साध्या पाण्याने निघावी. तेलकटपणा राहिला तर जळण अपुरे झाले असे समजावे.

असा कोरा कोळसा थेट रानात टाकू नये. त्याची रिकामी छिद्रे मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडू शकतात. म्हणून तो बारीक करून, तितक्याच मापाच्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, पातळ केलेले गोमूत्र शिंपडत महिनाभर सावलीत ओला ठेवला. बायोचार हे स्वतः खत नव्हे, खत धरून ठेवणारे साधन आहे, ही गोष्ट या टप्प्यावर ध्यानात ठेवावी लागते.

हेक्टरी 5 टन या हिशेबाने गुंठ्याला 50 किलो कोळसा लागतो, म्हणजे सुमारे 2 क्विंटल काटकी. एकरभर पसरण्याइतकी काटकी कोणाकडेच नसते. त्यामुळे भाजीच्या सरीत किंवा रोपवाटिकेच्या वाफ्यात तो मुळांपाशी देणेच परवडेल. भातासाठी मी शेजारशेजारचे चार वाफे आखले: एकात फक्त शेणखत व पूर्ण युरिया, दुसऱ्यात शेणखत व पाऊण युरिया, आणि उरलेल्या दोन्हींत याच दोन मात्रा, पण वरीलप्रमाणे शेणखत-गोमूत्राने भारलेल्या कोळशासह. युरिया सगळीकडे हप्त्यांनीच दिला, कारण नत्राच्या दोन रूपांपैकी अमोनियम कोळसा बऱ्यापैकी धरतो, नायट्रेट मात्र फारसे धरत नाही.

फुटव्यांच्या वेळी पानांच्या रंगाची पट्टी लावून पाहिली, तेव्हा कोळसा व पाऊण युरियाचा वाफा बिनकोळशाच्या पूर्ण युरियाच्या वाफ्याइतकाच हिरवा होता, तर बिनकोळशाचा पाऊण युरियाचा वाफा स्पष्टपणे फिका पडला होता. कोळसा आणि पूर्ण युरिया एकत्र दिल्याने रंगात वेगळी भर दिसली नाही. लहान वाफ्यांवरील एका हंगामाचे हे निरीक्षण आहे. त्यावरून कोणी लगेच खत कमी करू नये.

अथणी, गोकाककडील काळ्या रानाच्या मित्रांनी माझे प्रमाण उचलू नये, अशी कळकळीची विनंती आहे. तेथे मातीचा सामू (pH) बहुधा आधीच 8 च्या आसपास असतो आणि काटकीचा कोळसाही अल्कधर्मी असतो. त्या जमिनीत वर फेकलेल्या युरियातील नत्र अमोनिया होऊन उडण्याचा आणि जस्त व लोह पिकाला न मिळण्याचा धोका वाढतो.

आता चारही वाफ्यांत मसूर पेरली आहे. नवा कोळसा दिलेला नाही, जुन्याचा उरलेला परिणाम पाहायचा आहे. उन्हाळ्यात माती परीक्षणाला देईन, तेव्हा सामू आणि पालाश यांकडेच लक्ष देईन. सेंद्रिय कर्बाचा आकडा कोळशातील कर्बामुळेही वाढू शकतो, म्हणून तो या तुलनेत धरणार नाही.