गरोदरपणातली रिकामी सकाळ

देवगड-मालवणच्या किनाऱ्यावरच्या गरोदर स्त्रियांची तपासणी करताना मला ज्या संशोधकाची सर्वांत जास्त आठवण होते, ते म्हणजे शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील नॉर्बर्ट फ्रिंकेल. एरवी बराच लांबलेल्या उपासानंतर शरीरात जे बदल दिसतात, ते गरोदर स्त्रीच्या शरीरात रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी यांमधले अंतर थोडे वाढले तरी दिसू लागतात, ही त्यांची मांडणी १९६० च्या दशकातली. या स्थितीला त्यांनी 'वेगवान उपासमार' म्हटले.

त्यामागचे कारण असे की, आई जेवलेली असो वा नसो, पोटातले बाळ रात्रंदिवस तिच्या रक्तातून ग्लुकोज घेत असते आणि अमिनो आम्लेही घेत असते. त्यामुळे उपाशीपोटी नवी साखर तयार करण्यासाठी यकृताला अ‍ॅलनिन नावाचे जे अमिनो आम्ल लागते, तेच अपुरे पडते. दुसरीकडे वारेतून स्रवणारी संप्रेरके, विशेषतः प्लासेंटल लॅक्टोजेन, आईच्या चरबीचे विघटन वाढवतात आणि तिचे स्नायू इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देईनासे होतात. म्हणून उपाशीपोटी तिची साखर इतरांपेक्षा खाली येते व कीटोन (चरबीच्या विघटनातून तयार होणारे पदार्थ) वाढतात, आणि जेवल्यानंतर मात्र तीच साखर जास्त चढून जास्त वेळ टिकते. आईचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करून हा तोल सांभाळते. ज्या स्त्रीला ते जमत नाही, तिला गरोदरपणातला मधुमेह होतो. इन्सुलिन वार ओलांडत नाही, ग्लुकोज ओलांडते, आणि त्या जादा साखरेला बाळाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन वाढवून उत्तर देते, हे डेन्मार्कच्या यॉर्गेन पेडरसन यांनी त्याआधीच मांडले होते. १९८० च्या, मधुमेह संशोधनातल्या मानाच्या बँटिंग व्याख्यानात फ्रिंकेल त्याच्याही पुढे गेले: आईच्या रक्तातले ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्ध पदार्थ आणि कीटोन यांचे एकत्र मिश्रण बाळाच्या घडणीवर पुढच्या आयुष्यभर टिकणारा परिणाम करू शकते.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो त्यांच्या गटाचा १९८२ सालचा, न्याहारी चुकवण्याविषयीचा अभ्यास. शेवटच्या तिमाहीतल्या निरोगी गरोदर स्त्रिया आणि गरोदर नसलेल्या स्त्रिया यांची रात्रीच्या जेवणानंतर बारा ते अठरा तासांच्या दरम्यान तुलना केली, तेव्हा त्या सहा तासांत गरोदर स्त्रियांची साखर उतरत गेली आणि कीटोन वाढत गेले. आमच्याकडे हे सहा तास अगदी सहज निघून जातात. सडासारवण, गोठा, पाणी आणि देवपूजा आटोपून, कोऱ्या चहावर पहिली एसटी गाठून बाई तपासणीला येते, आणि विचारले तर सांगते, "राती भात जेवलंय, मगे कायच खाऊक नाय." तिच्या लघवीत बुडवलेल्या, कीटोन दाखवणाऱ्या पट्टीचा फिकट चौकोन माझ्यासमोर गुलाबी होतो आणि कधी जांभळटही होतो. हा आजार नव्हे. लांबलेला उपास आहे. तिला बाकावर बसवून आधी खायला देणे हाच त्यावरचा उपाय.

म्हणूनच चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या कामाचे मोल मला फार वाटते. त्यांनी आग्रहाने पुढे आणलेल्या चाचणीसाठी उपाशी येण्याची अट नाही: पाण्यात विरघळवलेले ७५ ग्रॅम ग्लुकोज पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे, साखर १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असेल, तर गरोदरपणातला मधुमेह समजून उपचार सुरू करायचे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही हीच पद्धत आहे: पहिल्या तपासणीला एकदा, आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. उपाशीपोटीची साखर पाहिली नाही तर काही स्त्रिया निसटतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण दूरच्या वाडीतून येणाऱ्या स्त्रीला 'उद्या उपाशी या' असे सांगितले की ती पुन्हा येतच नाही, आणि निसटण्याचा तो मार्ग फार मोठा आहे.

उपासतापासांबद्दल मी घरच्यांशी स्पष्ट बोलते. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही न खाणे आणि मग एकाच बैठकीला साबुदाणा व गोड खाणे म्हणजे आधी कीटोन वाढवणे आणि नंतर साखर. सासूबाईंना हे नीट समजावले तर बहुतेक वेळा सुनेचा उपास त्या स्वतःकडे घेतात. सकाळी उठल्यावर पेज हवीच, पण नुसती नको; तिच्यासोबत उसळ, अंडे किंवा सुके बांगडे असावेत, म्हणजे साखर एकदम चढत नाही.

सर्वांत जास्त निसटते ती बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची साखरेची तपासणी. गरोदरपणातला मधुमेह बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो, पण त्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो. निदान सासरी झालेले असते, बाळंतपण माहेरी किंवा मुंबईला होते, आणि सहाव्या आठवड्यात ती नेमकी कुठे आहे हे कोणत्याच उपकेंद्राला ठाऊक नसते. त्यामुळे आता निदान झाले त्याच दिवशी मी तिच्या कार्डावर सासरच्या आणि माहेरच्या अशा दोन्ही आशाताईंचे फोन नंबर लिहून घेते.