डार्बीशायरमधले तीन वाडे आणि आमच्या घरातली चार मते

मे महिन्यात सासू-सासरे रावेरहून सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे नॉटिंगहॅमला आले, तेव्हा जवळच्या डार्बीशायरमधले उमरावांचे वाडे त्यांना दाखवावेत असे मी सुचवले आणि घरात लगेच मतभेद सुरू झाले. सासऱ्यांनी स्पष्ट सांगितले, "ज्यांनी आपल्यावर राज्य केले, त्यांची श्रीमंती बघायला आपणच तिकीट काढायचे, हे मला पटत नाही." सासूबाईंना गुडघ्यांची काळजी होती. यजमानांचे म्हणणे असे की एक वाडा पाहिला की सगळे पाहिल्यासारखेच. तीच सोनेरी छते आणि तेच पूर्वजांचे चेहरे. माझे मत वेगळे होते आणि आजही आहे: हे वाडे अवश्य पाहावेत, मात्र थोडे पाहावेत आणि प्रत्येक दालनात उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला हे घर कोणत्या पैशातून उभे राहिले हे मोकळेपणाने विचारावे. अखेर आठवड्याला एक याप्रमाणे तीन वाडे पाहायचे ठरले.

पहिला हार्डविक हॉल. श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, जिला सगळे 'बेस ऑफ हार्डविक' म्हणून ओळखतात, तिने 1590 ते 1597 या काळात तो बांधून घेतला. काच अतिशय महाग होती त्या काळात तिने दर्शनी भाग जवळजवळ संपूर्ण काचेचा केला आणि मनोऱ्यांच्या माथ्यावर स्वतःच्या नावाची 'ई एस' ही आद्याक्षरे दगडात कोरून घेतली. जुन्या विणलेल्या पडद्यांचे रंग उडू नयेत म्हणून आत उजेड मंद ठेवतात, त्यामुळे डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटे एका जागी उभे राहावे. मुख्य दालने सर्वांत वरच्या मजल्यावर आहेत आणि जिना लांबलचक आहे. सासूबाई प्रत्येक वळणावर थांबत वर पोहोचल्या. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांनी आधी फोन करून चौकशी करावी. स्वतःची गाडी नसेल तर येथे पोहोचणे कठीण आहे. यजमानांचे मत येथे तरी बदलले नाही.

दुसरा केडल्स्टन हॉल, आणि आमचा खरा वाद येथे झाला. हे कर्झन घराण्याचे घर. बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन 1859 मध्ये येथेच जन्मला आणि वाड्याला लागून असलेल्या चर्चमध्येच त्याची व त्याच्या पहिल्या पत्नीची समाधी आहे. वंगभंगाची शाळेत शिकलेली हकिगत आणि पुण्यात पेटलेली परदेशी कापडांची होळी सासऱ्यांच्या मनात इतकी पक्की होती की, दगडी जिन्यापाशीच ते म्हणाले, "हे सगळे आपल्याच पैशाचे." आतल्या वयस्क स्वयंसेविकेला मी तोच प्रश्न विचारला. तिने न रागावता सांगितले की वाड्याचे काम 1759 च्या सुमारास सुरू झाले, तेव्हा या व्हाइसरॉयचा जन्म व्हायला शंभर वर्षे होती. कर्झन मंडळी बाराव्या शतकापासून येथली जमीनदार होती आणि हा पैसा त्या जमिनीचा. व्हाइसरॉयच्या पदरी आलेला मोठा पैसा त्याची पत्नी मेरी हिच्या माहेरचा, म्हणजे शिकागोच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याचा होता. सासरे बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनीच विचारले, "मग हिंदुस्थानचा संबंध कुठे येतो?"

तो संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला नकाशात. मधला मोठा भाग आणि वळणदार मार्गिकांनी जोडलेल्या चार कोपऱ्यांवरच्या चार इमारती, अशी केडल्स्टनची मूळ आखणी होती, पण प्रत्यक्षात दोनच इमारती पूर्ण झाल्या. गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्याचे गव्हर्नमेंट हाउस याच धर्तीवर बांधून घेतले आणि तेथे चारही पूर्ण केल्या. ती वास्तू 1803 मध्ये पुरी झाली. त्याच वर्षी त्याच्या धाकट्या भावाने आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. अलाबास्टर या मऊ, संगमरवरासारख्या दगडाच्या 20 खांबांच्या दिवाणखान्यात उभे राहून हे सासऱ्यांना सांगताना माझाही आवाज जड झाला. पुढे कर्झन व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला गेला, तो आपल्या घराच्या प्रतिकृतीतच राहायला गेला.

दुसरा संबंध तळमजल्यावरच्या संग्रहालयात. कर्झनने आशियातून आणलेल्या चांदीच्या, हस्तिदंताच्या वस्तू आणि शस्त्रे येथे दाटीवाटीने मांडलेली आहेत. 1903 च्या दिल्ली दरबारात मेरी कर्झनने घातलेला मोरपिशी झगा आम्ही काचेआड पाहिला. सासूबाईंचे माहेर येवल्याचे, त्यांचे बालपण पैठणीच्या मागांच्या आवाजात गेले. त्यांनी काचेला नाक टेकेल इतके वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "हा मोर विणलेला नाही, भरलेला आहे." ते खरेच होते. कापड दिल्लीच्या कारागिरांनी सोन्या-चांदीच्या तारेने भरले आणि शिवण पॅरिसमध्ये झाली. एकावर एक रचलेल्या प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या पंखाचे हिरवे चकचकीत कवच टाचलेले आहे. तार काळवंडली असली तरी ते हिरवे तेज शंभर वर्षांनंतरही तसेच आहे. सासूबाई तेथून अर्धा तास हलल्या नाहीत. हा वाडा पाहू नये असे म्हणणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे की त्या अनाम कारागिरांचे काम पाहायला आपण नाही जायचे, तर कोणी जायचे?

येथे जाणाऱ्यांसाठी काही सूचना. बाग खुली असली तरी वाडा खुला असेलच असे नाही, म्हणून त्या दिवसाची वेळ संकेतस्थळावर पाहूनच निघावे. जुनी वस्त्रे अधूनमधून विश्रांतीसाठी काढून ठेवतात, म्हणून झग्यासाठीच जात असाल तर तेही विचारून घ्यावे. डार्बी स्थानकावरून टॅक्सीने जाता येते, परंतु परतीची टॅक्सी जातानाच ठरवावी. आम्ही ठरवली नव्हती आणि फाटकापाशी पाऊण तास वारा खात उभे राहिलो. हार्डविक आणि केडल्स्टन दोन्ही नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहेत, त्यामुळे वर्षभराचे सभासदत्व घेतल्यास दोन्हीकडे प्रवेश आणि वाहनतळ त्यातच येतो. याच ट्रस्टने सप्टेंबर 2020 मध्ये आपल्या 93 वास्तूंचे वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध एका अहवालात मांडले, तेव्हा इंग्रजांमध्येच मोठी खडाजंगी झाली. म्हणजे आमच्या घरातला वाद काही आमच्यापुरता नव्हता.

तिसरा चॅट्सवर्थ, डेव्हनशायरच्या ड्यूकचे घर. हे नॅशनल ट्रस्टचे नाही, तिकीट वेगळे काढावे लागते, ते बरेच महाग आहे आणि आगाऊ काढलेले बरे. भर हिवाळ्यात काही आठवडे वाडा बंद असतो. भोवतालच्या उद्यानात मात्र पायी फिरायला पैसे पडत नाहीत. ज्यांना उमरावांच्या तिजोरीत भर टाकायची नाही, त्यांनी दशम्या आणि चटणी बांधून नेऊन नदीकाठी बसावे, तोही दिवस सार्थकी लागतो. तिकीट काढलेच, तर दालनांना दोन तास आणि बागेला उरलेला सगळा दिवस द्यावा, हे माझे ठाम मत आहे.

कारण बागेतच आमच्या सासऱ्यांचा दिवस फळाला आला. त्यांची रावेरला केळीची बाग आहे; पूर्वी बसराई, आता ग्रँड नैन. हे दोन्ही वाण ज्या कॅव्हेंडिश गटातले, त्याला नाव मिळाले ते याच ड्यूकच्या घराण्याचे. जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्याने मॉरिशसमार्गे आलेले रोप येथल्या उबदार काचघरात वाढवले आणि नोव्हेंबर 1835 मध्ये त्याला केळफूल आले. केळ मूळचे आशियातलेच, नाव तेवढे येथले. पुढे पॅक्स्टनने बांधलेले प्रचंड काचगृह पहिल्या महायुद्धात बिनकोळशाचे राहिले, आतली झाडे थंडीने मेली आणि 1920 मध्ये ते पाडून टाकण्यात आले. आता त्या जागी कुंपणझाडांचा भूलभुलैया आहे.

सासरे त्या भूलभुलैयापाशी उभे राहिले. तिकिटाला विरोध करणारे ते, पण गवत कापणाऱ्या माळ्याला त्यांनी माझ्याकरवी विचारायला लावले की बॉयलर बंद पडल्यावर झाडे किती दिवस तगली असतील. माळ्याने यंत्र बंद केले आणि मोबाइलवरचे रावेरच्या बागेचे छायाचित्र, लटकलेल्या घडांसह, दोघे मिळून पाहू लागले.