आमची वाटचाल: डायलवरचं नाव खरं धरू नका

सुरुवात आम्ही दोघा भावांनी घड्याळ दुरुस्तीनेच केली, बनवणारा शोधून द्यायचं काम डोक्यातही नव्हतं. पण चिनी मातीचं जुनं घड्याळ आलं की गिऱ्हाईक हमखास विचारायचं, हे कुणाचं हो? आणि आम्ही डायलवरचं नाव वाचून सांगून मोकळे. एकदा तर बिलावर लिहूनसुद्धा दिलं. काही महिन्यांनी डायलवर तेच नाव असलेलं दुसरं घड्याळ आलं, उघडलं तर मशीन जर्मन, आधीच्यात फ्रेंच होतं, तेव्हा कुठे ट्यूब पेटली की हे नाव विकणाऱ्या दुकानदाराचं आहे. दादाने त्याच संध्याकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला फोन करून चूक कबूल केली, मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो.

तेव्हापासून तीन नावं वेगवेगळी शोधतो, केस म्हणजे बाहेरचं आवरण कुणाचं, मशीन कुणाचं, विकलं कुणी. अमेरिकेच्या अन्सोनिया या घड्याळ कंपनीचंच घ्या ना, मशीन त्यांचं, पण त्या फुलाफुलांच्या केस बऱ्याचदा जर्मनीत बॉनला फ्रांत्स आंतोन मेहलेमच्या कारखान्यात व्हायच्या, शिक्का 'रॉयल बॉन'. लोक तेवढंच वाचतात आणि अख्खं घड्याळ जर्मन ठरवतात.

फ्रेंच मशीनची मजा वेगळीच. मागच्या पितळी प्लेटवर जापी फ्रेर किंवा मार्ती या मशीन बनवणाऱ्यांचा गोल शिक्का, त्यात प्रदर्शनातल्या पदकाचं वर्ष. ते काही घड्याळाचं जन्मसाल नव्हे हं, 1855 चं पदक कंपनी पुढे कित्येक वर्षं मिरवायची, कळतं एवढंच की घड्याळ त्याच्या आधीचं नाही. खाली बारीक आकडे असतात, समजा 5 आणि 4, ते आम्ही बरेच दिवस मॉडेल नंबर समजत होतो! ती लंबकाची लांबी निघाली, पूस आणि लिन्य या जुन्या फ्रेंच मापात. मशीनचा नंबर मात्र वेगळा, आणि बहुतेक वेळा तोच लंबकावरही ठोकलेला असतो.

मागच्या आठवड्यात एक सुंदर निळं घड्याळ आलं. मशीनवर एक नंबर, लंबकावर भलताच, केसवर शिक्का नाहीच. दादाने कागदावर लिहिलं, मशीन मार्ती, लंबक दुसऱ्या घड्याळाचा, केस कुणाची ते कळलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, अहो डायलवर नाव आहे की! मग बसवलं त्यांना, चहा सांगितला आणि त्या जुन्या बिलाची गोष्ट काढली.