तुम्ही विचारलेत म्हणून : बांडा डास आणि रॉसची पत्रे

डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या गावात जन्मले त्या सोलापुरात राहून तुम्ही एका इंग्रज लष्करी डॉक्टरच्या पत्रांचे मराठी कशाला करत बसता, असे मला गेली सहा वर्षे विचारले जाते. वाचनालयात विचारले जाते, लग्नाच्या पंगतीत विचारले जाते, आणि मागच्या दिवाळीत धाकट्या भावाने भरल्या घरात विचारले. ‘वेळ जातो’ एवढे सांगून मी आजवर सुटका करून घेतली. ते उत्तर खरे नव्हते.

रोनाल्ड रॉस कोण, हे विचारणाऱ्यांना माहीत असते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्याने डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी पाहिला आणि १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळाले, एवढे शाळेत शिकवतात. मला त्या दिवसापेक्षा त्याच्या आधीच्या दोन वर्षांची ओढ आहे. १८९५ पासून रॉस लंडनला उष्ण प्रदेशांतल्या रोगांचे जाणकार डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांना पत्रे लिहीत होता आणि त्यांतली कितीतरी पत्रे म्हणजे हाती काहीच न लागल्याचा हिशेब आहे. डास चावत नाहीत, चावले तर मरतात, मेले नाहीत तर चिरून पाहिल्यावर आत काही सापडत नाही. मध्येच पटकीच्या कामासाठी बंगळुरूला जावे लागते आणि सूक्ष्मदर्शक बाजूला पडतो. ज्यात डास मेले आहेत ते पाणी पोटात गेल्याने हिवताप होत असावा, हा खुद्द मॅन्सन यांचा तर्क होता. तो रॉसने तपासून पाहिला आणि त्यातूनही खात्रीचे काही निघाले नाही.

तो तर्क त्याने तपासला तो माणसांना ते पाणी पाजून. ज्याच्या रक्तावर २० ऑगस्टचा डास पोसला होता त्या हुसेन खानाला चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा मिळाला. हे मी भाषांतरात कुठेही मऊ केलेले नाही. पुढे हिवतापावरच काम करणाऱ्या इटलीच्या ग्रास्सींशी रॉसने श्रेयासाठी जो कडवा वाद घातला, तोही मला आवडत नाही. तेव्हा ‘साहेबाची आरती ओवाळता’ हा आरोप मला मान्य नाही. ज्याला त्याची आरती ओवाळायची असेल त्याने ही पत्रे न वाचलेलीच बरी.

भाषांतरात मी सर्वांत जास्त अडलो तो डासांच्या नावांपाशी. जाती ओळखायला रॉसजवळ धड पुस्तक नव्हते, म्हणून डोळ्यांना दिसले तसे तो लिहीत गेला : करडा, बांडा आणि ठिपक्यांच्या पंखांचा. ‘बांडा’ हा शब्द मला आठवडाभराने सुचला; आमच्याकडे अंगावर दोन रंग असलेल्या बैलाला तो लावतात. ठिपक्यांच्या पंखांचा तो अ‍ॅनाफिलीस, हिवताप पसरवणारा तोच, आणि तो हाती लागेपर्यंत रॉस करड्या आणि बांड्या डासांतच माणसाचा हिवताप शोधत राहिला. करडा म्हणजे क्युलेक्स. आमच्या जिल्ह्यात हत्तीरोग पसरवणारा तोच, आणि त्याच्यासाठी मी कित्येक रात्री दारोदार बोटे टोचत फिरलो आहे, कारण त्या रोगाचे सूक्ष्म जंत रात्रीच रक्तात वर येतात. हेही मॅन्सन यांनीच चीनमध्ये असताना दाखवून दिले. बांडा म्हणजे एडिस, डेंग्यूचा. ज्या दोन डासांवर रॉसची दोन वर्षे वाया गेली, त्याच दोन डासांमागे आरोग्य खात्यातली माझी सबंध नोकरी खर्ची पडली.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगतो.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येते, हे सोलापूरकराला सांगायला नको. म्हणून घरोघर बॅरल असते, आणि ते कधी पुरते रिकामे होत नाही. जुन्या पाण्यावर नवे पाणी पडत जाते. एडिसला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पूर्व भागातल्या एका बोळात, सप्टेंबरमध्ये, दुपारी तीनच्या सुमारास मी एका विडी कामगार बाईच्या घरी गेलो. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पाने. माझ्याशी बोलतानाही तिची बोटे थांबली नव्हती. बॅरलवरचे फडके काढून मी टॉर्च मारला. अळ्या झटके देत तळाकडे गेल्या, आणि त्यांच्यामध्ये स्वल्पविरामासारखे वाकलेले दहा-बारा कोष होते. कोष खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर अबेट ह्या अळीनाशक औषधाचा उपयोग होत नाही. आणि कोष दिसले म्हणजे दोन दिवसांत डास उडणार, हे मला पाठ होते. पाणी ओतून देण्यावाचून इलाज नव्हता.

मी म्हणालो, “अक्का, हे आत्ता ओतावं लागेल.”

ती म्हणाली, “साहेब, नळ आता शुक्रवारी. तोवर लेकरांना काय पाजू? काय पडलंय त्यात ते मी गाळून घेते.”

तो मंगळवार होता. मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, मग बाहेर येऊन खडूने भिंतीवर तारीख घातली आणि नोंदवहीत लिहिले : ‘दूषित कंटेनर १, रिकामे केले.’

पुढच्या आठवड्यात फवारणी आणि फेरतपासणीसाठी बोळ निवडले गेले ते नोंदवहीवरून, आणि नोंदवहीप्रमाणे तो बोळ स्वच्छ होता. महिना संपण्याआधी त्या घराच्या समोरच्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा डेंग्यूने गेला. तापाच्या यादीत पत्ता वाचला तेव्हा मी कचेरीत उभा होतो, आणि वरिष्ठांनी त्या बोळाबद्दल विचारले तेव्हा ‘नोंद आहे’ एवढेच म्हणालो.

ज्या डासाने त्या मुलाला चावा घेतला तो त्याच बॅरलमधला होता, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. बोळात बॅरले तीसेक होती. स्वतःचा बचाव मी अनेक वर्षे असाच केला. त्या वेळचा मी आजही सांगतो की तहानलेल्या घरातले पाणी ओतणे ही शिक्षा आहे, आणि ज्यांच्या नळाला पाणी नाही त्यांनाच ती का द्यायची? ह्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. पण पाणी न ओतणे वेगळे आणि ओतले असे लिहिणे वेगळे. पहिले दयेपोटी झाले असेल. दुसरे झाले कारण माझ्या वहीत ‘सापडले आणि तसेच ठेवले’ ह्यासाठी रकाना नव्हता, आणि तो आखून घेण्याचे धैर्य मला झाले नाही.

आणि त्या बाईने उपाय सांगितला होता. धोतराचे दुहेरी कापड दुसऱ्या भांड्याच्या तोंडाला बांधून पाणी त्यात काढले असते तर अळ्या आणि कोष कापडावर राहिले असते; मग बॅरलची आतली बाजू काथ्याने घासायची, कारण एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. अर्ध्या तासाचे काम. माझी त्या दिवसाची घरे उरली होती. तिच्याकडे एवढे पाणी ठेवायला दुसरी भांडी होती का, हे मी विचारलेही नाही.

ही पत्रे हातात आली ती निवृत्तीनंतर. रॉस गर्विष्ठ होता, भांडखोर होता, गरिबाच्या अंगाची किंमत त्याने आण्यांत केली. पण डास चिरून आत काही मिळाले नाही तर ‘मिळाले नाही’ असे तो त्याच आठवड्यात लिहून टाकत होता, आणि तेही ज्यांच्या मतावर त्याचे सगळे अवलंबून होते त्या माणसाला. ती वाक्ये मराठीत आणताना मला कष्ट होतात, आणि मला ते कष्ट हवे असतात. भावाला हे दिवाळीत सांगता आले नाही, कारण पंक्तीला शेजारी माझ्या खात्यातले दोघे बसले होते.

कोटणिसांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याविषयी लिहायला हात स्वच्छ लागतात असे मला वाटते. हे चूकही असेल. त्या बाईकडे मी दोनदा जाऊन आलो. विड्या वळणे तिने आता सोडले आहे, डोळे गेले. मी कोण हे तिने ओळखले आणि चहा दिला, पण समोरच्या घराचा विषय मी काढू शकलो नाही. सध्या १८९७ च्या शेवटची पत्रे हातात आहेत : शोध लागून महिना होतो न होतो तोच रॉसची राजपुतान्यात खेरवाड्याला बदली झाली आहे, तिथे हिवतापाचे रोगी मिळत नाहीत, आणि तो पुन्हा मॅन्सन यांना लिहितो आहे की काम बंद आहे.