सकाळी म्हातारी, नऊला पळतेय

पहाटे साडेतीन-चारला मला जाग येते ती कंबरेमुळे. म्हणजे कंबरेच्याही खाली, कुल्ल्याच्या आत कुठेतरी, कधी डावीकडे कधी उजवीकडे. उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, खिडकीचं ग्रिल धरायचं, मग पाय खाली सोडायचे आणि भिंत धरत धरत किचनपर्यंत जायचं. डबे भरेपर्यंत तासभर जातो, तेवढ्यात अंग सुटत जातं, आणि नऊच्या आत मी डोंबिवलीच्या ब्रिजवर लोकलसाठी चक्क पळत असते.

सगळा घोळ इथेच आहे ना. सकाळी बघणारे म्हणतात बिचारी, नऊला बघणारे म्हणतात नाटकं. शेजारच्या काकू तर तोंडावर म्हणाल्या, "काल कंबर धरून बसली होतीस, आज बरी पळतेयस!" आता त्यांना काय सांगू, या आजारात पडून राहिलं की दुखतं आणि हललं की बरं वाटतं.

नाव अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस. आपलीच इम्युनिटी मणक्यावर आणि कंबरेखालच्या सांध्यांवर उलटते, तिथे सूज येत राहते. माझं कळायला ६ वर्षं गेली. तोवर आईंचं (सासूबाईंचं) ठाम मत, सिझेरियनला पाठीत इंजेक्शन दिलं ना, त्याचंच हे. मग गादी काढून फळीवर झोपले, महानारायण तेल झालं, दही बंद. एका डॉक्टरांनी ३ आठवडे बेडरेस्ट दिली, त्यात मी नुसती लाकूड झाले. एक्सरे नॉर्मल, कारण एक्सरेत दिसायला कधीकधी वर्षं जातात. दुसरे म्हणाले हा पुरुषांचा आजार, विषय संपला.

शेवटी सापडलं ते डोळ्यामुळे. डोळा लालभडक, उजेड सहन होईना, युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) निघाला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहाटे कंबर आखडते का हो?" मी तिथेच रडायला लागले. मग एमआरआय, आणि रक्ताच्या टेस्टमध्ये एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेला जीन) पॉझिटिव्ह. (नुसतं बी२७ पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नका, बहुतेकांना त्याने काहीच होत नाही.)

आता गोळ्या आणि रोजचे स्ट्रेचेस. मी सोफ्यावर जरा टेकले की आई ओरडतात, "ऊठ, चाल!" आणि काकूंना परवा जिन्यात सांगत होत्या, "इंजेक्शन नाही हो, तिला ते बी सत्तावीस आहे," अगदी बसचा नंबर सांगावा तसं.